मिरचीच्या गोदामातला अल्बम

फोन कानाला लावून मी गाणं सुरू व्हायची वाट बघत बसले होते. लेकीनं पुण्याहून पाठवलं होतं, म्हणून हातातली भाजी बाजूला ठेवून ऐकत होते. आधी एक गिटार वाजली. मग दुसरी आली, मग ड्रम आले, आणि मला वाटलं, चला, आता गाणारा येईल. चार मिनिटं झाली तरी गाणारा आला नाही आणि सगळे एकदम थांबले. मी लगेच तिला फोन लावला.

"अगं, अर्धंच आलंय. गाणारा कापला गेलाय."

"आई, गाणारा नाहीच आहे."

"सोडून गेला?"

"नव्हताच कधी. आम्ही चौघं नुसतं वाजवतो. ह्याला मॅथ रॉक म्हणतात."

मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. त्यातली अकरा तळोद्याला, रोज एसटीनं जाऊन-येऊन. गणिताचं नाव घेऊन कोणी मिरवायला लागलं की माझं डोकं फिरतं. टक्केवारी काढता न येणारे लोक 'साधं गणित आहे' म्हणतात तेव्हा तर फारच. म्हणून मी तिला जरा फटकन विचारलं, की ह्यात गणित कुठे आहे बाई? ती म्हणाली, "मोजून बघ." आणि फोन ठेवला. ही तिची जुनी सवय आहे. लहानपणी मी तिला हेच सांगून गप्प करायची.

मोजायला बसले. लग्नातली गाणी, सिनेमातली गाणी, आपल्याला चारात किंवा सहात मोजायची सवय असते. इथे माझं बोट टेबलावर दर वेळी चुकीच्या जागी पडायला लागलं. चिडून पुन्हा लावलं, पुन्हा चिडले. तिसऱ्यांदा लक्षात आलं की पहिली गिटार सातात फिरतेय. मग दुसरीचा पिच्छा पुरवला, ती पाचात निघाली. सात आणि पाच. म्हणजे दोघी एकत्र सुटतात, लगेच एकमेकींना सोडून जातात, आणि पस्तीस मात्रांनी परत एका जागी भेटतात. लसावि! सहावीतला लसावि! फळ्यावर इतकी वर्षं काढला, पण तो कानाला असा ऐकू येतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात एकटीच हसले आणि लेकीला फोन करून सांगितलं, "पस्तीस."

"बरोबर," ती म्हणाली. "आता एक कुठे आहे ते शोध."

म्हणजे त्या सातातली पहिली मात्रा कुठली, ते. मला वाटलं, हे तर सोपं. पण कुठूनही मोजायला घेतलं तरी काहीतरी चुकत होतं. दर फेरीत एका जागी पोकळ होतं, कोणीच वाजवत नव्हतं, आणि त्याच्या आधी किंवा नंतर सुरुवात धरली की पुढचं सगळं लंगडं व्हायचं. पंधरा दिवस ते माझ्या डोक्यात होतं. पोळ्या लाटताना, बसस्टॉपवर, देवळात. एक कुठे आहे?

आता ह्या चौघांविषयी सांगते. माझी लेक आणि अजून एक मुलगी गिटार वाजवतात, एक जाड तारांची गिटार वाजवतो आणि रेकॉर्डिंगचं मशीनही तोच सांभाळतो, आणि चौथा ड्रमवाला. लेक आधी पुण्याला कंपनीत होती. ती नोकरी तिनं वर्षभरापूर्वी सोडली आणि मुलांना गिटार शिकवायला लागली. माझ्या मते हा शुद्ध वेडेपणा होता आणि मी तो तसाच बोलूनही दाखवला होता. इथे नंदुरबारला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची जागा निघाली होती, ओळख होती, पोरगी घरी राहिली असती. त्या पावसाळ्यात चौघांचं ठरलं, की आठ धुना मिळून पहिला अल्बम करायचा. ड्रमवाला शिकायला परदेशी चालला होता, तिकीट काढून झालं होतं, म्हणजे तो जायच्या आत तरी किंवा कधीच नाही. आणि पुण्यातला ठरलेला स्टुडिओ ऐनवेळी हातचा गेला.

तेव्हा लेक फोनवर म्हणाली, "आई, हा अल्बम झाला नाही तर मी परत येते. तू म्हणतेस ती नोकरी धरते. मग गिटारचं नाव काढणार नाही."

मी "बरं" म्हटलं. त्या 'बरं'मध्ये मला किती आनंद झाला होता ते तिला कळू नये म्हणून लगेच पावसाचा विषय काढला.

तिला जागा हवी होती. उंच छत, आजूबाजूला शांतता आणि आवाज घुमायला नको. मीच म्हटलं, आपलं गोदाम आहे की! आमच्या ह्यांचा मिरचीचा व्यापार. गावाबाहेर आमची पथारी आहे, म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं मैदान, आणि तिच्या कडेला गोदाम. पावसाआधी माल निघून जातो आणि दसऱ्यानंतर नवी ओली मिरची यायला लागते. मधले महिने तिथे रिकामं बारदान आणि एक मोठा वजनकाटा, एवढंच. रिकाम्या पोत्यांच्या थप्प्या भिंतीला लावल्या तर आवाज घुमणार नाही, ही युक्तीसुद्धा माझीच. आधी जाऊन मी टाळ्या वाजवून पाहिल्या. आवाज जागच्या जागी मेला. मला माझा फार अभिमान वाटला.

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहून ठेवते, कारण पुढे भांडण तिच्यावरूनच झालं. गोदाम देताना माझ्या मनात काही काळंबेरं नव्हतं.

ते चौघं सकाळच्या ट्रॅव्हल्सनं उतरले, नऊ दिवसांसाठी. टेम्पोतून ड्रम गोदामापाशी उतरवताना आमचा मापाडी काट्यावरून उठून आला. हा माणूस ह्यांच्याकडे मिरची मोजण्यात म्हातारा झाला. काम नसलं तरी रोज येऊन काट्यापाशी बसतो. मला 'बाई' म्हणतो, कारण त्याची तिन्ही मुलं माझ्या हाताखालून गेली.

"बाई, लगीन कोठे शे?" त्यानं ड्रमकडे बघत विचारलं.

"लगीन नाही, मामा. रेकॉर्डिंग आहे."

"मंग गानं कोन म्हनी?"

"कोणीच नाही."

त्यानं माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं आणि ड्रमचं एक टोक धरलं.

पोती हलवायला घेतली आणि दहा मिनिटांत पहिला ठसका आला. गिटारवाल्या मुलीला. मग जाड तारांवाल्याला. मग ड्रमवाला बसला, पाय दाबून मोठा ड्रम वाजवला, तशी छताच्या लोखंडी कैच्यांवरून बारीक लाल धूळ खाली आली आणि चौघं खोकत दाराकडे पळाले. मी आणि मापाडी आत उभे राहून एकमेकांकडे बघत होतो. आम्हाला कळेचना, ह्यांना झालं काय. मी तर मुलीला विचारलंसुद्धा, "प्रवासात गार काही प्यायलात का?"

हे बाहेरच्या माणसाला पटणार नाही. पण हंगामात पथाऱ्यांवर मैलभर मिरची पसरलेली असते, बाया दिवसभर तिच्यात बसून देठ खुडतात, तिथेच जेवतात, तिथेच पोरं निजवतात. आमच्या नाकाला मिरची म्हणजे हवा. ती आहे हे कळायला ती नसावी लागते. आमच्या ह्यांनी गोदाम दिलं, मी दिलं, मापाड्यानं झाडलं, आणि तिघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही की ज्या पोत्यांत इतकी वर्षं मिरची भरली ती पोती भिंतीला लावून चार माणसांना आत कोंडलं तर काय होईल.

पण मला खरं लागलं ते दुसरंच. खोकणाऱ्यांत माझी लेक होती. पथारीवरच्या बायांच्या मांडीवर वाढलेली, लहानपणी वाळल्या मिरचीच्या ढिगावर चढून बसणारी माझी पोर परगावच्या पाव्हण्यासारखी डोळे पुसत होती. मापाडी हळूच म्हणाला, "बाई, आंडेर पुन्यानी व्हई गयी." आंडेर म्हणजे लेक. मी तिच्यासाठी पाणी आणायला गेले.

पहिले दोन दिवस असेच गेले. तोंडाला ओले रुमाल बांधून ते वाजवायचे, मग ऐकायचे. जिथे गिटार बारीक होई, तिथे हमखास कोणीतरी खोकलेलं असे. गिटारवाल्या मुलीनं पोत्याला लागलेल्या हातानं डोळा चोळला आणि तिचा एक दिवस डोळ्यावर दुधाची पट्टी ठेवण्यात गेला. सात वेळा वाजवलं त्यातलं एकही ठेवण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाकीचे तिघं घरी जेवायला पुढे गेले आणि लेक गोदामाच्या पायरीवर थांबली.

"आई, तुला माहीत नव्हतं?"

"काय?"

"तीस वर्षं मिरचीच्या घरात राहतेस. हे असं होणार हे तुला खरंच माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"तू मुद्दाम दिलंस."

घरात मी तिच्याशी लहानपणापासून शाळेची मराठी बोलत आलेय. शिक्षिकेच्या पोरीचे उच्चार शुद्ध असावेत हा माझा हट्ट. पण मला खरा राग आला की माझी मराठी शाळेत राहते आणि अहिराणी बाहेर येते. "मन्हावर आळ लई ऱ्हायनी का तू? मन्हावर?"

"मंग काय करू? तुले ते मी परत येवाले पाहिजेच शे ना!"

ती निघून गेली. बऱ्याच वर्षांनी तिच्या तोंडून अहिराणी ऐकली आणि तीही अशी.

तिसऱ्या दिवशी उजाडताच मी एकटी गोदामावर गेले. शटर उघडलं आणि आत उभी राहून मोठा श्वास घेतला. काही नाही. पोत्यात नाक घातलं. थोडं काहीतरी, ओळखीचं, ह्यांच्या शर्टाला येतं तसं. घसा साफ. मग मी काट्यावर बसले आणि स्वतःला एक प्रश्न विचारला, जो वर्गात विचारला असता तर मुलांनी मान खाली घातली असती. गोदाम मुद्दाम दिलं नाही, कबूल. पण ते चौघं पहिल्यांदा खोकले तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं? 'ह्यांना दुसरी जागा बघू' हे नाही आलं. 'चला, आली ही परत' हे आलं. दोन दिवस मी त्यांना गूळ देत होते, गरम पाणी देत होते, वाईट वाटल्याचा चेहरा करत होते आणि आतून खूश होते. लेकीनं आळ चुकीचा घेतला, पण चोर बरोबर पकडला होता.

एवढं कळल्यावर मी लगेच सुधारले आणि लेकीच्या सुखासाठी कामाला लागले, असं लिहिता आलं असतं तर बरं दिसलं असतं. खरं कारण वेगळं आहे. मला तो एक सापडला नव्हता. ती धून त्यांच्या अल्बममधली शेवटची होती, आणि हे सगळं इथेच बारगळलं असतं तर लेक परत आली असती, नोकरीला लागली असती, आणि ती पोकळ जागा काय होती हे मला जन्मात कळलं नसतं. मी विचारलं असतं तरी तिनं सांगितलं नसतं. उत्तर न मिळालेलं गणित मला झोपू देत नाही. म्हणून मी उठले.

मापाड्याला सांगितलं, बारदान सगळं बाहेर. त्यानं पथारीवर काम करणाऱ्या तीन बाया बोलावून आणल्या. ओला भुसा टाकून फरशी तीनदा झाडली. बांबूला फडकी बांधून कैच्या पुसल्या, भिंती पुसल्या. अडचण एकच होती. साफ झालं की नाही हे आमच्यापैकी कोणालाच कळत नव्हतं. मग आम्ही त्या गिटारवाल्या मुलीला दारात खुर्ची टाकून बसवलं. ती आत यायची, श्वास घ्यायची. खोकली की पुन्हा पुसायचं. नाही खोकली की पुढचा कोपरा. बायांना ह्याची इतकी मजा वाटली, की त्या कामाच्या मध्येच तिला हाका मारायला लागल्या, "ये माय, आठे वास ली दे!" म्हणजे इथे वास घे. संध्याकाळपर्यंत ती पोरगी त्यांची लाडकी झाली होती.

पोत्यांच्या जागी काय लावायचं? गल्लीत फिरले. गोधड्या मागितल्या. कोणी दोन दिल्या, कोणी चार. एकीनं विचारलं, "बाई, पाव्हणे किती शेत?" मी म्हटलं, "चार." तिनं माझ्या हातातल्या अकरा गोधड्यांकडे पाहिलं आणि बारावी वर ठेवली. चौथ्या दिवशी दुपारी गोदामात चारी बाजूंनी दोऱ्या बांधून चाळीसेक गोधड्या लटकत होत्या. जुन्या लुगड्यांचे काठ, शर्टांच्या चौकड्या, कोणाच्या शाळेच्या गणवेशाची निळी पट्टी. मी टाळी वाजवली. आवाज मेला. लेक दारात उभी होती. मग गिटार घेऊन आत आली.

मग गाडी रुळावर आली. रोज दोन धुना व्हायला लागल्या. मी आणि मापाडी दाराच्या आत पायरीवर बसायचो. मी मोजायची, तो डोळे मिटून ऐकायचा. अकरात फिरणारी एक धून होती, मला फार आवडली. एक होती ती आधी नवात आणि मग मध्येच आठात जाते, तिच्यावर मी दोन दिवस रागावले होते. सहाव्या दिवशी मापाड्यानं विचारलं, "गानं कव्हय सुरू व्हई?" मी म्हटलं, "मामा, हेच गाणं आहे." तो म्हणाला, "मंग बरं शे. शब्द नही ते भांडन बी नही."

आठव्या दिवशी सात धुना झाल्या होत्या. राहिली ती लेकीची, सात-पाचवाली. ती नसली तर अल्बम नाही, असं तिनं आधीच सांगितलं होतं, कारण बाकीच्या सातांतले तुकडे शेवटी तिच्यात येऊन मिळतात. ड्रमवाल्याची बस नवव्या दिवशी संध्याकाळी होती.

आणि ती धून काही केल्या पार पडेना. पस्तीस मात्रांच्या चोवीस फेऱ्या, प्रत्येक फेरीत कोणाचं तरी थोडंसं बदलतं, आणि चोविसावी संपली की सगळ्यांनी एकदम थांबायचं. पंधरा-सोळा फेऱ्यांपर्यंत ठीक चालायचं. मग कोणालातरी वाटायचं सतरावी आहे, कोणाला वाटायचं अठरावी, आणि गाडा उलटायचा. मी विचारलं, मशीन मोजत नाही का? जाड तारांवाल्यानं सांगितलं, मशीन कानात टिकटिक करतं, पण फेरी कितवी ते ती टिकटिक सांगत नाही. तुकडे वाजवून नंतर जोडता येतील. त्यावर लेक म्हणाली, "जोडलेलं नको. एका दमात झालं तर झालं, नाहीतर राहू दे." हा हट्ट कोणाकडून आला ते विचारू नका. मी चौकटीच्या वहीत चोवीस ओळींचा तक्ता करून दिला. चौघांनी तो नम्रपणे बघितला आणि कोणीही वापरला नाही.

दुपारी पुन्हा एकदा वाजवायला सुरुवात झाली. माझ्या शेजारी मापाडी डोळे मिटून बसला होता. पहिली फेरी पुरी होताच, त्या पोकळ जागी, जिथे कोणीच वाजवत नाही, बरोबर तिथे तो स्वतःशीच पुटपुटला, "लाभ."

माझं मोजणं तिथेच थांबलं.

मिरची असो की धान्य, आमच्याकडे मोजताना मापाडी 'एक' म्हणत नाही. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतो. मग दोन, तीन, चार. आणि आकडा एकदा म्हणून सोडून देत नाही. पुढचं माप पडेपर्यंत तोच आकडा घोळवत राहतो, दोन हो दोन, दोन हो दोन, म्हणजे मध्ये कोणी बोललं, पोतं सांडलं, तरी मोजणी हरवत नाही. आणि 'लाभ' म्हणायच्या आधी तो थांबतो. काटा स्थिर होऊ देतो, श्वास घेतो, मगच तोंड उघडतो. लेक लहानपणी ह्याच काट्यावर बसून ते ऐकत असायची. मी शाळेतून येईपर्यंत ती मापाड्यापाशी असे. पंधरा दिवस मी जो एक शोधत होते तो वाजलेलाच नव्हता. तिनं त्या श्वासाची जागा मोकळी ठेवली होती. काखेत कळसा अन् गावाला वळसा, म्हणतात ते हेच.

मी वर पाहिलं तर लेक वाजवता वाजवता माझ्याकडे बघून हसत होती. त्या हसण्यात तिचं बोट चुकलं आणि तेही वाजवणं फुकट गेलं. पण भांडणानंतर ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली होती.

मापाड्याला सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही मोजी ऱ्हायनात, म्हनीसन चुकी ऱ्हायनात. मोजानं नही. आकडा धरी ठेवानं, दुसरं माप पडस तवलोंग." त्याला मध्ये बसवलं. तो फेरी म्हणत गेला, लाभ हो लाभ, दोन हो दोन, आणि काय सांगू, पहिल्याच खेपेला चोवीस फेऱ्या पार पडल्या. सगळ्यांनी उड्या मारल्या. मग ऐकलं. गिटारीपेक्षा मापाडी मोठा. ज्या अल्बममध्ये एकही शब्द नाही, त्याच्यात हा माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत मिरची मोजत होता. पुन्हा केलं, त्याला मनात म्हणायला सांगून. तिसऱ्या फेरीला तोंड उघडलं. पुन्हा केलं, चौथ्या फेरीला. शेवटी त्यानं हात जोडले. "तोंड बंद करीसन मन्हाकडथून मोजानं व्हत नही, बाई."

नववा दिवस उजाडला. लेकीनं गोदामाच्या मधोमध एक स्टूल ठेवलं आणि म्हणाली, "आई, तू बस."

मी बसले. कसं मोजायचं ते ठरवावं लागलं नाही. अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायची. एका हाताची चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, म्हणजे बारा. दोन हात, चोवीस. लेकीला पाढे मी ह्याच पेरांवर शिकवले होते. हात छातीपाशी धरायचे, अंगठा कुठे आहे ते तिला लांबूनही दिसणार होतं.

दुपारचं जेवण झालं. गल्लीतल्या दोन बाया गोधड्या न्यायला आल्या होत्या, त्यांना मापाड्यानं दाराबाहेर थांबवलं. वाजवायला सुरुवात झाली. पहिली दोन वेळा चौथ्या-पाचव्या फेरीलाच बिनसलं. ड्रमवाला घड्याळाकडे बघायला लागला होता. तिसऱ्या वेळी धरलं. डावा हात संपला, बारा. उजवा सुरू केला. पहिलं बोट संपलं, पंधरा. सोळा. इथे मला दिसलं, की लेकीचा चेहरा बदलला. बोटं चालत होती, पण नजर हरवली होती. तिनं माझ्या हातांकडे पाहिलं.

तेव्हा मला स्पष्ट कळलं की मला काहीच करायचं नाहीये. काही चुकीचं दाखवायची गरज नव्हती. नुसता हात मांडीवर ठेवला असता, पदर सावरला असता, तरी पुरे होतं. संध्याकाळची बस होती, त्यानंतर ड्रम नव्हते, अल्बम नव्हता, आणि माझी पोर कायमची माझ्या घरी आली असती. सकाळी डबा घेऊन कॉलेजात गेली असती. ह्याच गोष्टीसाठी मी वर्षभर देवापुढे हात जोडले होते.

उजव्या हाताच्या दुसऱ्या बोटाचं मधलं पेर. सतरा. उलट मी हात आणखी वर उचलला, तिला नीट दिसावं म्हणून.

ती परत जागेवर आली. अठरा, एकोणीस, मग मी तिच्याकडे बघितलंच नाही, फक्त हात धरून ठेवला. माझ्या करंगळीच्या शेवटच्या पेरावर चौघं एकदम थांबले, आणि पुढची ती रिकामी जागा आली, श्वासाची. दारात मापाडी दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून उभा होता. जाड तारांवाल्यानं मशीन बंद केल्यावरच त्यानं हात खाली घेतले.

ड्रमवाला संध्याकाळच्या बसनं गेला. बाकीचे दोघं त्याला सोडायला गेले. मी आणि लेक काट्यावर बसून गोधड्यांच्या घड्या घालत होतो, कोणाची कुठली ते आठवत. ती त्या दिवशी एकदाही खोकली नव्हती.

"आई, खरं सांग. गोदाम मुद्दाम दिलं होतंस?"

"नाही. देवाशपथ नाही." मग वाटलं, अर्धं उत्तर हे उत्तर नसतं. "पण तुम्ही खोकायला लागलात ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं."

ती घडी घालत राहिली. "माहितीये. तुझ्या चेहऱ्यावर दिसत होतं."

"मग आज मोजायला मला का बसवलंस?"

तिनं गोधडीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "तुला काहीही हवं असलं तरी तू आकडा खोटा दाखवत नाहीस. म्हणून."

मी तोंडाला पदर लावला आणि ठसका लागल्याचं निमित्त केलं. पण माझ्या घशाला मिरची लागत नाही, हे तिला माहीत होतं.